दोन डिग्रीच्या खोलीतलं चितळ

२ डिसेंबर, सोमवार

आलो एकदाचा! सकाळी आठला भडगावहून टेम्पो निघाला. पारोळ्याला चहा, धुळ्याला शेवभाजी, आणि तीन वाजता शिरपूरच्या पुढे, सातपुड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, माझ्या कोल्ड स्टोरेजच्या फाटकात. माझ्या! चौदाव्या वर्षी बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढणारा जीवराम आज चोपन्नाव्या वर्षी मालक झाला. लिलाबाईला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, दारात पाय पुसायला पोतं टाका आणि वेळेवर जेवा. बायकोला मोठेपणा सांगायला जावं तर असं होतं.

जागा फार मोठी नाही. केळी पिकवायच्या चार खोल्या, मागे एक लहान पाचवी. ती आधीच्या मालकानं दुधासाठी बांधलेली, दोन डिग्रीपर्यंत उतरते. केळीला तिचा उपयोग नाही, काळी पडतील. पण मशीन अस्सल आहे. नुसता भिंतीला कान लावून मी वायरमनला सांगितलं, पंख्याचं डावं बेअरिंग गेलंय. तो हसला. खोलून पाहिलं तर गेलेलंच. या दोन कानांवर मी घर चालवलं, दोन पोरींची लग्नं केली.

क्रेट तोलायचा नवा काटा बसवला. त्याच्यावर पहिला मीच उभा राहिलो. त्र्याऐंशी किलो पूर्ण. त्यातली वीस तरी ढेरी असेल. 

५ डिसेंबर, गुरुवार

काम मार्गी लागलं. वरच्या पाड्यावरची ताईबाई स्वयंपाकाला येते. चाळिशीची, बोलायला फटकळ. काल तिनं केलेलं भरीत आणि कळण्याची भाकरी खाऊन मी म्हटलं, अक्का, हात सोन्याचा आहे तुमचा. ती म्हणाली, हात सोनाना शे तर मग रोज मजुरीले कसाले येतू? हसून हसून ठसका लागला.

संध्याकाळी लीलाधर नाना येऊन गेले. माझ्या विजेच्या तारा त्यांच्या शेतातून आल्यात. त्यांनी खांब रोवू दिले म्हणून हे स्टोरेज चालू आहे. पांढरे कपडे, मोठं घर, मोठा आवाज. जाताना म्हणाले, जीवरामशेठ, कधी काही लागलं तर हक्कानं सांगू हो आम्ही पण. मी म्हटलं, सांगा की. असं म्हणायचंच असतं.

७ डिसेंबर, शनिवार

नानांना काय लागलं ते आज कळलं.

दुपारी जीप आली. मागे केळीची पानं, पानांखाली चितळ. नर, सोललेला, आतडी काढलेली, मुंडकं नाही. सकाळी वरच्या जंगलात पाड्यावरच्या बारा माणसांनी हाका घातला, ओरडून जनावर पुढे काढलं, आणि नानांनी बार टाकला. हे कायद्यात बसत नाही, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण दारात नाना आणि डोक्यावर त्यांच्या शेतातून आलेल्या तारा.

सोबत त्यांचा पुतण्या हितेंद्र होता. सहा वर्षं कॅनडात काढून आलाय. त्यानं मला समजावलं की आपल्याकडे कापलं की लगेच शिजवतात, हे अडाणीपण आहे. तिकडे हरीण पंधरा-पंधरा दिवस थंडीत उलटं टांगतात. मग मांस आतून मऊ होतं, पाणी उडतं, वजन घटतं आणि चव घट्ट होते. २२ तारखेला नानांची एकसष्टी आहे, मोजक्या पाहुण्यांना हेच वाढायचं. तोवर एक तुकडाही कापायचा नाही, कापलं की हवा लागून बिघडतं.

पाचव्या खोलीत केळीचे घड तोलायचा, नवाच घेतलेला लटकता काटा होता. त्याच्याच आकड्याला मागच्या पायांनी चितळ टांगलं. म्हटलं, वजन किती घटतं तेही रोज दिसेल. एकेचाळीस किलो दोनशे ग्रॅम. दार लावलं. मशीनचा आवाज स्वच्छ.

८ डिसेंबर, रविवार

सकाळी फाटकात एक माणूस येऊन उभा. धनसिंग, ताईबाईचा भाऊ. सडपातळ, पन्नाशीचा, बोलणं हळू. कालच्या हाक्यात तो पुढे होता. म्हणाला, भाऊ, आम्हना वाटा.

पाड्याची रीत त्यानं सांगितली. हाका घालणाऱ्या प्रत्येकाला त्याच दिवशी वाटा, कुत्रं आणणाऱ्याला वेगळा, आणि एक वाटा रानात ठेवायचा. काल नाना थेट जीपमध्ये घालून निघून आले. पाड्यावरचे नानांच्या दारात गेले, तर त्यांनी इकडे पाठवलं. आणि रीत अशीच आहे, की मांस ज्याच्या छपराखाली टांगलं असेल त्यानं वाटा द्यायचा.

मी नानांना फोन लावला. ते म्हणाले, काही द्यायचं नाही, पोरगा सांगतो कापलं की बिघडतं. त्यांना काहीतरी देऊन वाटेला लावा. मग मी माझी अक्कल चालवली. धनसिंगला खुर्ची दिली, चहा पाजला, त्याच्या पाड्याच्या गोष्टी काढल्या आणि निघताना पिकलेल्या केळ्यांचं अख्खं क्रेट त्याच्या खांद्यावर ठेवलं. म्हटलं, बारा घरांना पुरेल. केळं वाटा नही शे, भाऊ, एवढंच म्हणाला. मग म्हणाला, वाटा दिला नाही की मांस आपला वाटा स्वतः घेतं. मी हसून त्याची पाठ थोपटली.

माणसं कशी सांभाळायची हे मला चांगलं जमतं.

९ डिसेंबर, सोमवार

क्रेट फाटकाबाहेर जसंच्या तसं. एकही केळं काढलेलं नाही.

चितळ बेचाळीस किलो. घटायचं सोडून आठशे ग्रॅम वाढलं. नवा काटा घेऊन ही गत! दुकानदाराला फोन केला तर तो म्हणतो, थंडीत ठेवलंत म्हणून असेल. चाळीस वर्षं थंडीतच काढली मी, मला शिकवतो.

११ डिसेंबर, बुधवार

चव्वेचाळीस किलो सहाशे. वीस किलोचं प्रमाणित वजन आकड्याला लावून पाहिलं. बरोबर वीस. काटा खरा आहे. मग कोणीतरी आत जाऊन पाणी मारतंय, दुसरं काय? ताईबाईवर घसरलो. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, त्या खोलीत मी पाय ठेवणार नाही, तुम्ही लाखाची साडी दिली तरी. किल्ली मी करगोट्याला बांधली.

मग तिनंच माझ्या पँटकडे बोट केलं. भाऊ, तुम्ही वाळी राहिनात. पट्टा दोन भोकं आत गेला होता. म्हटलं, दगदग.

१२ डिसेंबर, गुरुवार

दुपारी जेवायला बसलो. चार भाकरी झाल्या, तरी पोट रिकामं. पाचवी मोडली आणि मागून आवाज आला.

माझे कान मला फसवत नाहीत. पंखा नाही, पाइप नाही. जनावर बसल्या बसल्या रवंथ करतं तसा. दात एका बाजूला सरकतात, थांबतात, परत सरकतात. पाचव्या खोलीतून. मी घास चावला की तिकडे चावलं जायचं. मी थांबलो की तेही थांबायचं.

दार उघडलं. उलटं टांगलेलं चितळ. मुंडकंच नाही, चावणार कशानं?

सेहेचाळीस किलो.

१३ डिसेंबर, शुक्रवार

आज क्रेटच्या काट्यावर स्वतः उभा राहिलो. सत्त्याहत्तर किलो तीनशे. अकरा दिवसांत जवळपास सहा किलो!

आत जाऊन पाहिलं. चितळ सेहेचाळीस नऊशे. जवळपास सहा किलो.

आकडे वहीच्या मागच्या पानावर मांडले. आलो तेव्हाचा मी आणि टांगलं तेव्हाचं चितळ मिळून १२४.२. आजचे दोन मिळून १२४.२. चारदा बेरीज केली. मोबाइलवरही केली.

योगायोग असू शकतो. उद्या धुळ्याला डॉक्टरकडे जातो.

१४ डिसेंबर, शनिवार

सगळा दिवस वाया गेला. टोकन नंबर सदतीस. रक्त घेतलं, लघवी घेतली, छातीचा फोटो काढला. साखर नाही, थायरॉइड नाही. डॉक्टर म्हणाले, जेवत जा. आठ भाकरी खातो म्हटलं तर त्यांनी मान वर करून पाहिलं आणि जंताची गोळी लिहून दिली! बाहेर शेजारी बसलेल्या म्हातारीनं कौतुकानं विचारलं, दादा, वजन कमी करायला काय घेता?

हसायलाही आलं नाही.

१५ डिसेंबर, रविवार

मी ७३.२. ते ५१.

धनसिंगला बोलावणं धाडलं. तो आला, पण फाटकाच्या आत आला नाही. मी सगळं सांगितलं. त्याला नवल वाटलं नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं. म्हणाला, वाट्याचा दिवस गेला. आता एकच. ज्यानं बार टाकला त्यानं स्वतःच्या हातांनी, अख्खं, न कापता, ते जिथे पडलं तिथे नेऊन ठेवायचं. दुसऱ्याच्या हातानं चालत नाही.

म्हणजे नानांनी. एवढंच ना? नानांना सांगणं काय अवघड आहे!

१६ डिसेंबर, सोमवार

नानांना नऊ फोन. पहिला उचलला घरच्या बाईंनी, नाना अंघोळीत. मग नाना देवपूजेत, मग मंडपवाल्यासोबत, मग झोपलेत. शेवटी हितेंद्र आला. विचारतो, वजन किती घटलं? वाढलं म्हटलं तर म्हणाला, अंकल, असं होत नाही. फोन ठेवला.

हात चोळत बसण्यात काय अर्थ? धनसिंग काही म्हणो, वाटा मागत होते ना, मग वाटाच देऊ असं ठरवलं. सुरा घेऊन आत गेलो. डाव्या मांडीचा दीड किलोचा तुकडा काढला, केळीच्या पानात गुंडाळला आणि पाड्यावर गेलो.

वाटेत डावा पाय लचकत होता. पाड्यावरची कुत्री वास घेऊन आली आणि शेपूट घालून मागे सरली. धनसिंगनं पान उघडलं, परत मिटलं. ताईबाई पदर तोंडावर धरून घरात गेली. तो म्हणाला, भाऊ, हाई हरीण नही शे. मी म्हटलं, मग काय आहे? तो माझ्या पायाकडे बघत राहिला.

स्टोरेजवर परत येऊन पायजमा काढला. कातडी कुठेही फाटलेली नाही. रक्ताचा थेंब नाही. डाव्या मांडीत वाटीएवढा खड्डा.

पाचव्या खोलीत चितळाची मांडी भरून आलेली. जिथे सुरा चालवला होता तिथे साधी रेघही नाही.

परत आणलेला तुकडा तिथेच फळीवर ठेवलाय. फेकू कसा? माझा आहे.

१७ डिसेंबर, मंगळवार

ताईबाई आली नाही. बरोबरच आहे तिचं.

आता मला भीती वजनाची नाही. २२ तारखेची आहे. त्या दिवशी हे कापणार.

वनखात्याला फोन करायचा विचार केला. अटक होईल, स्टोरेजला सील लागेल, होऊ दे. आकडे दाबलेही. मग आठवलं, जप्त केलेलं मांस म्हणे जाळून टाकतात. फोन ठेवला.

पुरलं तर? पुरतील मलाच.

१८ डिसेंबर, बुधवार

काठी टेकत नानांच्या घरी गेलो. दोन किलोमीटरला दोन तास लागले. दारात मंडप. आधी त्यांनी ओळखलंच नाही. मग म्हणाले, अरे जीवरामशेठ, काय ही अवस्था! मी सगळं सांगितलं. हात जोडले, नाना, एक दिवस माझ्यासोबत चला, उचलून फक्त रानात ठेवा.

ते ऐकून घेत होते, अगदी शांतपणे. मग म्हणाले, मी? त्या लोकांसमोर, खांद्यावर जनावर घेऊन? आमच्या चार पिढ्यांत कोणी पाड्यावर वाटे पोचवायला गेलं नाही. वर म्हणाले, आजारी आहात, काढा प्या.

बुंदीचा द्रोण हातात दिला. वाटेत बसून खाल्ला. तोंडात गेलेलं कळलं, पोटात उतरलेलं नाही.

१९ डिसेंबर, गुरुवार

मी ५६. ते ६६.७. दीड फळीवर. बेरीज तीच. हिशेब चुकला असता तर किती बरं वाटलं असतं.

लिलाबाईला फोन केला. आवाज ऐकून रडली. येते म्हणाली. नको म्हटलं. येणारच म्हणाली. तिच्या बहिणीच्या, बेबाबाईच्या पोरीचं लग्न आटपून, म्हणजे रविवारी संध्याकाळी. रविवारी!

रवंथ आता सारखा. मी जेवत नसलो तरी.

२० डिसेंबर, शुक्रवार

मीच नेतो म्हटलं. दुसऱ्याच्या हातानं चालत नाही तर नाही. निदान नानांच्या सुऱ्यापासून लांब नेतो.

मिठी मारून आकड्यावरून काढायला गेलो. गार नव्हतं. दोन डिग्रीत, गार नव्हतं. माझ्या छातीला छाती लागली आणि आतून —

उचललं नाही. सत्तरच्या वर गेलंय ते. माझ्या हातांच्या काड्या. चाळीस वर्षं लाद्या उचलल्या आणि स्वतःलाच —

धनसिंग फाटकाशी आला होता. मी आत बोलावलं. हात लावू शकत नाही म्हणाला. डोळे पुसत होता. त्याच्यावर ओरडलो. उगाच ओरडलो.

२१ डिसेंबर, शनिवार

किल्ली मागच्या विहिरीत टाकली. कुलूप जाड आहे.

नानांना मेसेज केला, खोली बिघडली, मांस सडलं, येऊ नका. हितेंद्रचं उत्तर आलं, वरचा थर काळा पडतोच अंकल, छिलून टाकू.

छिलून.

२२ डिसेंबर, रविवार

अकरा वाजता आले. तीन जीप. मी खाटेवर, पाचव्या खोलीच्या भिंतीला लागून. उठवत नाही.

नानांच्या पाया पडलो — पडलो म्हणजे खाटेवरून पडलोच. त्यांनी उचलून परत ठेवलं. एका हातानं. म्हणाले, काहीच वजन नाही हो या माणसात. डेंगू असेल. ड्रायव्हरला सलाइनवाला आणायला पाठवलं. माणूस वाईट नाही. ऐकत नाही फक्त.

किल्ली कुठे विचारलं. सांगितलं नाही. लोखंड कापायचा ग्राइंडर मागवला.

ऐकू येतंय. पाती कुलपाला लागली. कडी तुटली.

दार.

मग हितेंद्रचा आवाज, शहाऐंशी किलो! कॅनडातसुद्धा असं पाहिलं नाही, काका! फोटो काढताहेत. कोणीतरी म्हणालं, रंग बघा, आजच कापल्यासारखा.

रवंथ थांबला.

ओरडतोय मी. बाहेर पडत नाही. भिंतीवर हात आपटतो, तो आवाजही मलाच येतो फक्त.

सुरी दगडावर घासताहेत. चांगली धार आहे, आवाजावरून कळतं.

हितेंद्र म्हणतो, पुढच्या पायांपासून सुरू करू. आधी डावा.

दुखत नाही. वही धरली होती ती सुटली. गुडघ्यावर ठेवली. डाव्या बाहीत काही नाही. बाही पडलीये नुसती खाटेवर.

नाना हसताहेत. मऊ आहे म्हणताहेत, लोण्यासारखं.

लिलाबाई, संध्याकाळी आलीस तर त्यांच्या पातेल्यातलं कोणालाही — आधी त्यांना थांबव — धनसिंगला विचार, तो सांगेल —

आता उजवा. हितेंद्र सांगतोय, खांद्याच्या सांध्यात सुरी घाला, तिथे हाड आपोआप सु